डोस जी९चा, जुलाब जी३चा: रोटाव्हायरसचे प्रकार कोण ठरवतं, आणि शरीर ते मानतं का?

प्रश्न, थोडक्यात: मी चोपडा तालुक्यात लहान मुलांची प्रॅक्टिस करतो. अकरा महिन्यांचा एक मुलगा जानेवारीत जुलाब-उलट्यांनी भरती झाला, दोन दिवस सलाईन लावावं लागलं. रोटाव्हायरसच्या (लहान मुलांना जुलाब-उलट्या लावणाऱ्या विषाणूच्या) लसीचे तिन्ही डोस वेळेवर झालेले आहेत, कार्डावर रोटाव्हॅक लिहिलंय. शौचाची एलायझा, म्हणजे रोटाव्हायरस आहे का ते बघणारी चाचणी, पॉझिटिव्ह आली. नमुना एका संशोधन प्रकल्पात गेला होता, तिथून विषाणूचा प्रकार ‘जी३पी[८]’ असं उत्तर आलं. लस तर जी९पी[११] आहे. आई विचारते, ‘डोस तं दिन्हा व्हता ना, मंग ढाळ कसा लागनात?’ तिला काय सांगू? लस भलत्याच प्रकाराची आहे का? आणि हे प्रकार प्रतिकारशक्तीच्या प्रतिसादावरून पाडतात असं कॉलेजात शिकलो होतो, ते नेमकं कसं?

उत्तर: आईचं आधी. तिला सांगा की हा डोस जुलाबच होऊ नयेत म्हणून नसतो, मूल गळून जाऊ नये, दवाखान्यात न्यायची वेळ येऊ नये म्हणून असतो. तेही सगळ्यांच्या बाबतीत जमत नाही. आपल्या देशात निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना तो गंभीर आजारापासून वाचवतो. तिचं मूल उरलेल्यांत निघालं. ‘डोस वाया गेला’ असं तिच्या मनात राहू देऊ नका, कारण पुढच्या भावंडाच्या वेळी ती लसीकरणाच्या दिवशी शेतात निघून जाईल.

आता तुमचा प्रश्न. ‘लसीत जी९, मुलात जी३, म्हणून लस चालली नाही’ हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. एमडी झालेले डॉक्टरही तो बोलून दाखवतात. पण त्यात एक पायरी गाळलेली आहे. तुमच्या हातातलं ‘जी३पी[८]’ हे उत्तर कुठल्याही अँटिबॉडीने दिलेलं नाही, ते पीसीआरने दिलंय. पीसीआर सांगतो विषाणूच्या जनुकाचा मजकूर कुणाशी जुळतो. या विषाणूला कुणाची अँटिबॉडी अडवते, हे तो सांगत नाही. तुम्ही शिकलात ते वर्गीकरण या दुसऱ्या प्रश्नावर उभं होतं. दोन्हींची नावं सारखी दिसतात म्हणून घोळ होतो.

विषाणूच्या अंगावर काय आहे ते आधी बघू. रोटाव्हायरसला एकात एक अशी तीन कवचं असतात आणि आत आरएनएचे अकरा वेगवेगळे तुकडे. मधलं कवच व्हीपी६ या प्रथिनाचं. तुमच्या दवाखान्यातली एलायझा किंवा कार्ड टेस्ट पकडते ती हेच. ते सगळ्या ‘अ’ गटाच्या रोटाव्हायरसमध्ये जवळपास सारखं असल्यामुळे किटला प्रकाराशी देणंघेणं नसतं. (‘ब’ गटाचा रोटाव्हायरसही आहे. चीनमध्ये १९८०च्या दशकात मोठ्या माणसांत त्याच्या साथी झाल्या, कोलकात्यातही तो सापडला. नेहमीच्या किटला तो दिसतच नाही.) बाहेरच्या कवचावर दोन प्रथिनं आहेत: गुळगुळीत पृष्ठभाग व्हीपी७चा, आणि त्यातून वर आलेले काटे व्हीपी४चे. आतड्याच्या पेशीत शिरायचं तर विषाणूला ही दोन्ही लागतात. म्हणून दोन्हींवर अँटिबॉडी चिकटली तर त्याची वाट अडते. व्हीपी७ साखर जोडलेलं ग्लायकोप्रोटीन, त्यावरून ‘जी’. व्हीपी४ला ट्रिप्सिनसारखं प्रोटिएज एन्झाइम कापतं, त्यावरून ‘पी’. नाव दोन भागांचं आहे कारण शरीराला पकडायला जागाही दोन आहेत.

१९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या लहान आतड्याच्या तुकड्यांत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हा विषाणू पाहिला. पण पाहणं वेगळं आणि वाढवणं वेगळं. प्रकार पाडायला जिवंत, वाढणारा विषाणू हवा आणि मानवी रोटाव्हायरस प्रयोगशाळेत वाढायला फार नखरे करतो. ट्रिप्सिन घालून माकडाच्या मूत्रपिंडाच्या एमए१०४ पेशींवर तो वाढू लागला, तेव्हा कुठे प्रकार पाडायचं काम मार्गी लागलं.

पद्धत अशी. एक स्ट्रेन (विषाणूचा एक वाण) घ्यायचा, शुद्ध करायचा आणि ज्यांच्या रक्तात आधीपासून रोटाव्हायरसच्या अँटिबॉडी नाहीत अशा गिनिपिगांना किंवा सशांना पुन्हा पुन्हा टोचायचा. त्यांच्या रक्तात त्या स्ट्रेनविरुद्ध अँटिबॉडी साचतात, ते हायपरइम्यून सीरम. मग ते सीरम पातळ करत न्यायचं: १०० पट, २०० पट, ४०० पट, असं दुपटीने. प्रत्येक पायरीवर ठरावीक विषाणू मिसळून पेशींवर टाकायचे आणि किती ठिकाणी संसर्ग झाला ते मोजायचं. सीरमशिवाय जितके डाग पडतात त्यातले निदान ६० टक्के ज्या शेवटच्या पायरीपर्यंत कमी होतात, तो त्या सीरमचा टायटर.

खरं वर्गीकरण इथून पुढे सुरू होतं. एका स्ट्रेनचं सीरम दुसऱ्या स्ट्रेनवर लावायचं, मग दुसऱ्याचं पहिल्यावर. समजण्यापुरते आकडे घेऊ. ‘क’ स्ट्रेनचं सीरम ‘क’ला १२,८०० पट पातळ असतानाही अडवतं, पण ‘ख’ला फक्त ४०० पटींपर्यंत. फरक ३२ पट. आता उलट दिशा: ‘ख’चं सीरम ‘ख’ला ६,४०० पटींपर्यंत अडवतं आणि ‘क’ला ८०० पटींपर्यंत. फरक ८ पट. नियम असा की फरक दोन्ही दिशांनी २० पट किंवा जास्त असेल तरच दोघं वेगळे सीरोटाइप, म्हणजे अँटिबॉडीवरून पाडलेले वेगळे प्रकार. आपल्या उदाहरणात एका दिशेला ३२ आहे, दुसरीकडे फक्त ८. म्हणजे वेगळा सीरोटाइप नाही, एकतर्फी फरक. अशी जोडी समोर आली की टेबलाभोवती वाद ठरलेला. कुणी त्याला उपप्रकार म्हणतो, कुणी म्हणतो चाचणी पुन्हा लावा.

हा २०चा आकडा निसर्गाने दिलेला नाही. सगळ्यांनी एकच रेघ मानावी म्हणून ती आखलेली आहे. दुपटीच्या चाचणीत एका पायरीची चूक सहज होते, म्हणून रेघ लांब ठेवली. पण १८ पट फरक असलेले दोन स्ट्रेन ‘एकच’ आणि २२ पट असलेले ‘वेगळे’ असं मानून पोटातल्या अँटिबॉडी वागतात, असं कुणी समजू नये. शिवाय हे सीरम गिनिपिगाचं, टोचून तयार केलेलं. आपलं मूल विषाणू तोंडावाटे घेतं आणि त्याची लढाई आतड्याच्या अस्तरावर होते. टोचलेल्या गिनिपिगाच्या रक्तात व्हीपी७विरुद्धच्या अँटिबॉडींचा जोर असतो, म्हणून या पद्धतीत ‘जी’ प्रकार ठळक दिसले आणि ‘पी’ प्रकार मागे पडले.

‘पी’ची गंमत मात्र प्रत्येक रिपोर्ट वाचणाऱ्याला माहीत हवी. व्हीपी४विरुद्धचं वेगळं सीरम बनवणं जिकिरीचं काम. त्यासाठी दोन स्ट्रेनच्या तुकड्यांची अदलाबदल करून संकरित विषाणू तयार करावा लागतो, किंवा एकटं व्हीपी४ प्रथिन कीटकांच्या पेशींत बनवून ते प्राण्याला टोचावं लागतं. हे काम मोजक्याच प्रयोगशाळांनी केलं. तोवर व्हीपी४च्या जनुकाचं वाचन भराभर पुढे गेलं आणि त्याचे क्रमांक वेगळेच पडत गेले. ‘जी’मध्ये सीरोटाइपचा आणि जीनोटाइपचा (जनुकाच्या मजकुरावरून पाडलेल्या प्रकाराचा) क्रमांक एकच ठेवता आला. ‘पी’मध्ये ते जमलं नाही, म्हणून ठरलं असं: कंसाविना लिहिलेला आकडा सीरोटाइप, चौकटी कंसातला जीनोटाइप.

आता तुमचंच उदाहरण घ्या. मुलाचा स्ट्रेन पी[८]. त्याचा सीरोटाइप पी१ए. लसीतला ११६ई स्ट्रेन पी[११]. त्याचा सीरोटाइप पी८. म्हणजे कंस गाळून ‘पी८’ लिहिलं तर ते मुलाच्या विषाणूचं नव्हे, लसीच्या विषाणूचं नाव होतं! टायपिंगच्या रिपोर्टमधून एक्सेलमध्ये आकडे चढवताना हे कंस गळतात, आणि मग वर्षभराचा तक्ता वाचायच्या लायकीचा राहत नाही. तुमच्या डेटा ऑपरेटरला एवढं एक समजावून ठेवा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी: जीनोटाइप पी[८] आणि पी[४] हे दोन वेगळे क्रमांक. पण सीरमने तपासलं तर एक पी१ए, दुसरा पी१बी, म्हणजे एकाच सीरोटाइपचे दोन उपप्रकार. जगभर मुलांना आजारी पाडणारे बहुतेक रोटाव्हायरस या दोहोंत मोडतात. कागदावर वेगळे दिसणारे हे दोघं अँटिबॉडीच्या दृष्टीने भाऊबंद आहेत. नावं जितकी वेगळी तितकी प्रतिकारशक्ती वेगळी, हे गृहीतक इथेच कोलमडतं.

मधल्या काळात, १९८०च्या दशकात, मोनोक्लोनल अँटिबॉडी आल्या. एकेका ‘जी’ प्रकारालाच चिकटणाऱ्या अँटिबॉडी एलायझाच्या प्लेटमध्ये वेगवेगळ्या घरांत लावायच्या आणि शौचाचा नमुना सरळ टाकायचा. पेशी नको, गिनिपिग नको. मला ती पद्धत आवडायची, कारण निदान अँटिबॉडीचा शब्द तरी त्यात असायचा. पण बरेच नमुने ‘प्रकार लागला नाही’ म्हणून परत यायचे आणि त्याचं एक कारण आपल्याकडच्या उन्हात अगदी समोर दिसतं. व्हीपी७चं कवच कॅल्शियमच्या आधारावर उभं असतं. कॅल्शियम ओढून घेतलं की ते सुटून पडतं. नमुना चुकून ईडीटीएच्या (कॅल्शियम ओढून घेणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमध्ये गेला, किंवा लाइट जाऊन फ्रीजर दोन-तीनदा वितळून गोठला, की बाहेरचं कवच जातं आणि आतलं व्हीपी६ शाबूत राहतं. मग एलायझा ‘रोटाव्हायरस पॉझिटिव्ह’ म्हणते आणि प्रकार पाडणारी प्लेट कोरी राहते. धडगाव-अक्कलकुव्याकडून मे महिन्यात एसटीने आलेल्या नमुन्यांत असं झालं तर नवा प्रकार सापडला म्हणून कुणी हुरळून जाऊ नये.

१९९०पासून आरटी-पीसीआर आलं आणि सीरोटाइपिंग जवळजवळ थांबलं. आज व्हीपी७ किंवा व्हीपी४च्या जनुकाचा मजकूर ज्ञात प्रकाराशी ८० टक्क्यांपर्यंतही जुळत नसेल तर नवा जीनोटाइप मानतात. २००८मध्ये अकराही तुकड्यांना अशा रेघा आखून दिल्या गेल्या. ‘जी’चे क्रमांक चाळिशीच्या पुढे गेलेत, ‘पी’चे पन्नाशीच्या पुढे. त्यातले बरेचसे प्राण्यांतले. माणसात नेहमी भेटणारे बोटांवर मोजण्याइतके: जी१, जी२, जी३, जी४, जी९, जी१२ आणि पी[४], पी[६], पी[८].

जीनोटाइप म्हणजे आडनाव. आपल्याकडे एकेका गावात निम्मं गाव पाटील असतं. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोण कुणाच्या पॅनलमध्ये जाईल हे आडनावावरून सांगून बघा! सीरोटाइप म्हणजे ते पॅनल. बहुतेक वेळा आडनाव आणि पॅनल जुळतं, म्हणून लोक आडनावावर भागवून नेतात, आणि कधी तरी तोंडघशी पडतात. व्हीपी७च्या पृष्ठभागावर अँटिबॉडी धरणाऱ्या जागा मोजक्या आहेत. तिथल्या दोन-चार अमिनो आम्लांत बदल झाला तर जीनोटाइप तोच राहूनही पकड सैल होऊ शकते. आणि जनुकात इतरत्र पुष्कळ बदल झाले तरी या जागा जशाच्या तशा असतील तर पकड घट्टच राहते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. शरीर हे प्रकार कितपत मानतं? पहिल्या संसर्गानंतर बाळाच्या रक्तात जास्त जोर दिसतो तो ज्या प्रकाराने संसर्ग झाला त्याच्याविरुद्ध. इथवर पुस्तक बरोबर. पुढच्या प्रत्येक संसर्गाबरोबर हा प्रतिसाद पसरत जातो आणि न भेटलेल्या प्रकारांनाही अडवू लागतो. मेक्सिकोतल्या मुलांचा १९९६ला प्रसिद्ध झालेला अभ्यास सगळेच सांगतात: दोन नैसर्गिक संसर्ग झालेल्या एकाही मुलाला नंतर मध्यम किंवा तीव्र जुलाब झाले नाहीत. पण आपल्या कामाचा अभ्यास वेल्लोरचा, २०११मध्ये आलेला. तिथे वस्तीतल्या ३७३ मुलांवर जन्मापासून तीन वर्षं लक्ष ठेवलं. तीन संसर्गांनंतरही मध्यम-तीव्र आजारापासून संरक्षण ७९ टक्केच होतं. आणि सगळ्यात जास्त आढळलेल्या जी१पी[८]च्या बाबतीत ‘एकदा झाला म्हणजे त्याच प्रकारापासून विशेष संरक्षण’ असा पुरावाच मिळाला नाही. प्रकार जुळणं हाच सगळा खेळ असता तर तिथे तो दिसायला हवा होता.

लसींनीही हेच दाखवलं. रोटारिक्स या दुसऱ्या लसीत एकच जी१पी[८] स्ट्रेन आहे, तरी ती जी२पी[४]सारख्या दोन्ही अंगांनी वेगळ्या प्रकारापासूनही संरक्षण देते. रोटाव्हॅकचा ११६ई स्ट्रेन १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडला. त्या बाळांना संसर्ग होता, पण आजार नव्हता. त्याचं व्हीपी४ गाईगुरांच्या रोटाव्हायरसकडून आलेलं, बाकी जवळजवळ सगळा माणसाचा. दिल्ली, पुण्याजवळचं वढू आणि वेल्लोर इथे ६,७९९ बाळांवर त्याची चाचणी झाली. पहिल्या वर्षात गंभीर आजारापासून संरक्षण सुमारे ५६ टक्के, दोन वर्षं मिळून ५५च्या आसपास. त्या काळात फिरत होते जी२पी[४], जी१पी[८], जी१२चे प्रकार, म्हणजे बहुतेक लसीशी न जुळणारेच. जुळणी हीच अट असती तर हा आकडा शून्याजवळ यायला हवा होता.

असं का होतं, तर शरीराकडे पकडायला प्रकारनिरपेक्ष जागाही आहेत. व्हीपी४चा काटा कापला गेला की टोकाचा तुकडा व्हीपी८ आणि बुंध्याचा व्हीपी५. टोक प्रकारागणिक बदलतं, बुंधा बराचसा सारखा, आणि त्याविरुद्धच्या अँटिबॉडी अनेक प्रकारांना चालतात. व्हीपी६विरुद्धची आयजीए (आतड्यात पाझरणारी अँटिबॉडी) तर परीक्षानळीत विषाणूला अडवतच नाही, म्हणून वर सांगितलेल्या जुन्या न्यूट्रलायझेशन चाचणीत ती शून्य गुण मिळवायची. पण उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की ती आतड्याची पेशी ओलांडून जाताना आतमध्येच विषाणूचं काम थांबवते. ज्या चाचणीने आपण प्रकार पाडले तिला हे दिसणं शक्यच नव्हतं. त्याशिवाय प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी आहेत, त्यांना बाहेरच्या कवचाच्या क्रमांकाचं काही पडलेलं नसतं.

मग हे मूल आजारी का पडलं? माझ्या मते जी३-जी९ हा फरक यादीत बराच खाली येतो. वर काय आहे? आईकडून नाळेतून आलेल्या अँटिबॉडी डोसाच्या वेळी जास्त असणं. डोस घेतलेल्या दिवसांत पोट बिघडलेलं असणं किंवा आतड्यात आधीच दुसरे विषाणू, जंतू वस्तीला असणं. सोबत दिलेला तोंडावाटेचा पोलिओ डोस, ज्याने पहिल्या डोसाचा प्रतिसाद थोडा मंदावतो. कुपोषण. आणि एक गोष्ट जी आपल्याकडे कुणी तपासत नाही: मुलाचा स्वतःचा रक्तगट-साखरेचा नमुना. पी[८]चा काटा आतड्यावरच्या ज्या साखरेला धरतो ती एफयूटी२ हे जनुक चालू असणाऱ्यांतच तयार होते. बऱ्याच लोकसमूहांत साधारण पाचातल्या एकात ते बंद असतं, आणि अशा मुलांना पी[८]चा आजार कमी होतो. पी[६] आणि पी[११] वेगळ्या साखरा पसंत करतात. पी[११]ला नवजात बाळाच्या आतड्यातली, अजून पूर्ण न सजलेली साखर चालते. ११६ई नवजात बाळांतच का सापडला, याचा बराचसा उलगडा यातून होतो. म्हणजे कोणता प्रकार कुणाला आजारी पाडेल हे अँटिबॉडीआधीच अर्धं ठरलेलं असतं.

लसीकरणानंतर देशात जी१पी[८] मागे पडून जी३पी[८] वर आला, हे तुमच्या कानावर आलंच असेल. लसीच्या दबावाने असं झालं का? काही वाटा असू शकतो. पण लस नसतानाही हे प्रकार दर काही वर्षांनी आपापसांत जागा बदलतच आलेत. दबाव म्हणायला आधी दाखवावं लागेल की लस घेतलेल्यांच्या सीरममध्ये जी३विरुद्धचा टायटर खरोखर कमी पडतो. पुन्हा तीच जुनी चाचणी, यंदा गिनिपिगाऐवजी बाळाचं सीरम घेऊन. पीसीआरच्या तक्त्याने ते सिद्ध होत नाही.

तुम्ही नॉरोव्हायरसबद्दल विचारलेलं नाही, पण तिथे हाच प्रश्न अधिक उघडा दिसतो, म्हणून थोडं सांगतो. लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोराटोरांसकट सगळं वऱ्हाड ओकत सुटतं, त्यात या विषाणूचा संशय आधी घ्यावा. १९६८मध्ये ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या शाळेतल्या साथीवरून त्याची ओळख पटली. १९७२मध्ये अमेरिकी विषाणुशास्त्रज्ञ कापिकियन यांनी बऱ्या झालेल्या रुग्णाचं सीरम मिसळून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कणांचे पुंजके दाखवले. विषाणू प्रयोगशाळेत वाढतच नव्हता, तेव्हा १९७०च्या दशकात स्वयंसेवकांना नॉरवॉक, हवाई आणि माँटगोमेरी काउंटी इथल्या साथींतले नमुने आलटूनपालटून पाजले. नॉरवॉक झालेल्यांना पुन्हा नॉरवॉक बाधला नाही, माँटगोमेरीशीही त्याचं नातं दिसलं, पण हवाईचा मात्र बाधला. प्रतिकारशक्तीवरून प्रकार पाडण्याचं याहून थेट उदाहरण मला माहीत नाही. आजची एथिक्स कमिटी ते ऐकूनच उठून जाईल.

नंतर तिथेही जनुकाचं वाचन पुढे गेलं आणि २०१९पर्यंत दहा जीनोगट (जीनोटाइपचे मोठे गट), चाळीसच्या वर जीनोटाइप झाले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या लघुअवयवांत हा विषाणू वाढवता आला तो २०१६मध्ये. तोवर अँटिबॉडी त्याला साखरेला चिकटण्यापासून किती रोखतात, हे मोजून काम भागवलं. २०१७मध्ये पारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की त्यातल्या तीसेक मानवी जीनोटाइपना त्यांच्या कवचाच्या सारखेपणावरून मोजक्या ‘इम्युनोटाइप’मध्ये गोळा करता येईल. बहुतेक जीनोटाइप वर्षानुवर्षं फारसे बदलत नाहीत. जी-दोन-चार (दुसऱ्या जीनोगटातला चौथा जीनोटाइप) हा एकटा मात्र दर काही वर्षांनी अंगावरच्या खुणा बदलून येतो, २०१२चा सिडनी प्रकार त्यातलाच. लस बनवणाऱ्याला तीसेक नावांशी लढायचं नाही, त्या मोजक्या गठ्ठ्यांशी लढायचं आहे. रोटाव्हायरसच्या ‘पी’मध्ये पी[४] आणि पी[८] एकाच पी१मध्ये येतात, ते याच वळणाचं.

दवाखान्यात प्रकार माहीत नसला तरी काही अडत नाही. उपचार तेच: ओआरएस, अंगावरचं दूध चालू, जस्ताची गोळी चौदा दिवस, अँटिबायोटिक नको. प्रकार हवा असतो तो साथीवर नजर ठेवायला आणि एका खास अडचणीत. डोस दिल्यावर आठवड्याभरात बाळाला जुलाब झाले आणि एलायझा पॉझिटिव्ह आली, तर तो लसीचाच विषाणू शौचातून जात असू शकतो. तिथे जी९पी[११] आला तर लसीचा, जी३पी[८] आला तर बाहेरचा, इतकं सरळ उत्तर मिळतं. तुमच्या रुग्णाचा शेवटचा डोस चौदा आठवड्यांच्या सुमारास झालेला असणार, तेव्हा तो प्रश्न इथे नाही.

पुढच्या हिवाळ्यात नमुने गोळा करणार असाल तर भरती झाल्यापासून ४८ तासांच्या आत घ्या, साध्या स्वच्छ डबीत, कुठलंही द्रावण न घालता, आणि गोठवायचं तर एकदाच. डोसाच्या तारखा आणि लसीचं नाव कार्डावरून लिहा, आईच्या आठवणीवरून नाही. आजाराची तीव्रता वेसिकारीच्या २० गुणांच्या तक्त्याने नोंदवा, ११ किंवा जास्त म्हणजे तीव्र. डोस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांचे हे गुण शेजारी ठेवले की जी-पीच्या नावांपेक्षा जास्त काही कळेल. जमलं तर भरतीच्या दिवशीचं आणि तीन-चार आठवड्यांनंतरचं, असं थोडं सीरमही ठेवा. मुलाच्या अँटिबॉडी कुणाला अडवतात हे ज्याला खरोखर तपासायचं असेल त्याला शौचाच्या नमुन्याइतकंच ते लागेल, आणि आपल्याकडच्या प्रकल्पांत नेमकं तेच नसतं.

आणि यावल-रावेरकडे गोठा घराला लागून असतो, तिथल्या मुलाच्या रिपोर्टवर जी६ किंवा जी१० आला, तर उरलेला नमुना टाकू नका. ते ‘जी’ गुरांतले असतात. त्यासोबत पी[११] दिसला म्हणून लसीचा विषाणू समजून फाइल बंद करणारे मी पाहिलेत. लसीचा पी[११] जी९बरोबर येतो, जी१०बरोबर नाही.